आकारामचा बिल्ला

आष्ट्यापासून दीड कोसावरच्या वाडीतल्या बायकांना मुंबईतलं दुसरं काही ठाऊक नसेल, पण तिथले धक्के मात्र ओळीने म्हणता येत. याचं सगळं श्रेय, किंवा दोष म्हणा, आकारामचा. गोदीत अठ्ठावीस वर्षं पाठीवर ओझी वाहिलेला हा माणूस सुट्टीला घरी आला की दुसऱ्याच दिवशी मूठभर ज्वारी घेऊन अंगणात बसे आणि दाण्यांनी मुंबईचा किनारा मांडे. ही खालच्या अंगाला ससून गोदी, इथं पूर्वी कापूस चढायचा, आता मासळीचा वास. हे पालवा बंदर, इथं विलायतेचा राजा उतरला म्हणून दगडी कमान बांधली. हे बेलार्ड पियर, इथं गोरा साहेब बोटीतून उतरला की धक्क्यावरूनच आगगाडीत बसतो, बुटाला चिखल लागू देत नाही. पुढं अलेक्झांडर, मग विक्टोरिया, मग प्रिन्स, आणि पार वर भाऊचा धक्का.

"आन् ह्ये समदं पयलं पानीच हुतं," तो सांगे. "अलेक्झांडर गोदीला आमच्या आबानं नऊ वर्सं डोईवरनं पाट्या टाकल्या. वर नाव साहेबाचं, खालची माती आबाची."

हे वाक्य वाडीने इतक्या वेळा ऐकलं होतं, की तो 'वर नाव' एवढं म्हणाला की पुढचं दुसरंच कोणी तरी म्हणून टाकी. मग कोंबड्या येत आणि प्रिन्स गोदीपासून खायला सुरुवात करत. त्याची बायको साळूबाई आतून ओरडे, "आवं, तुमची गोदी कोंबडीनं खाल्ली बगा." आकाराम रागावल्यासारखं करी आणि पुन्हा मूठभर दाणे मागे. असा हा बोलका, थोडा फुशारकी मारणारा, पण मनाने चांगला माणूस होता.

चव्वेचाळीस सालच्या चैत्रात तो भैरोबाच्या यात्रेसाठी आला, तेव्हा त्याच्या बिल्ल्यावर धाकटा भाऊ ज्योतिबा मुंबईला गेलेला होता. बिल्ला म्हणजे पितळेची बशीएवढी चकती. तिच्यावर नंबर असे, आणि त्या नंबरापुढे टोळीवाल्याच्या, म्हणजे मजुरांच्या मुकादमाच्या, वहीत नाव असे. आकारामचा नंबर होता चारशे बारा. लढाईमुळे गोदीत बोटींची रीघ लागली होती आणि फाटकाबाहेर काम मागणाऱ्यांचीही. दोन दिवस बिल्ला दिसला नाही की टोळीवाला तो दुसऱ्याला देऊन मोकळा होई. म्हणून आपल्याकडच्या माणसांनी एक रीत पाडली होती. एक घरी गेला की त्याचा भाऊ, मेहुणा, गाववाला तोच बिल्ला दंडाला बांधून फाटकातून आत शिरायचा आणि त्याच नावाला 'हजर' म्हणायचा. टोळीवाला बिल्ले मोजायचा, तोंडं बघायला त्याला सवड नव्हती. चारशे बारा नंबरवर आकारामचा बाप, चुलता आणि दोन मेहुणे राबून गेले होते, आणि वहीत ते सगळे आकारामच होते.

ज्योतिबाला या खेपेला जायचं नव्हतं. त्याची बायको लीलाबाई सात महिन्यांची गरोदर होती. आकारामचं बोलावण्याचं कार्ड आलं तसा तो मुंबईला गेला आणि बोरीबंदरच्या फलाटावर कसाबसा म्हणाला, "दादा, औंदा यात्रा मी करतो, तुमी ऱ्हावा की." पण आकारामने तीन वर्षं पालखी पाहिली नव्हती, आणि तो थोरला होता. त्याने तिथेच भावाच्या हातात बिल्ला ठेवून बजावलं, "एक दिस बी रिकामा ठिवू नगंस. तुला जमलं न्हाई तर आपल्या मानसाला दे, पर बिल्ला खुंटीला लागता कामा न्हाई. विक्टोरियात काम हाय, डोस्क्यावर पत्रं हायेत, उन्हाचा तरास न्हाई." हे तो अगदी मायेने बोलला होता. पुढे हेच बोलणं त्याला आठवायचं होतं, शब्दन् शब्द.

रविवारी, पालखी देवळाबाहेर निघाली तेव्हा, आष्ट्याचे गुळाचे व्यापारी धन्यकुमार सायकलवरून आले. त्यांचे मेहुणे मुंबईला मांडवीत धान्याच्या पेढीवर असत. धन्यकुमार यात्रेला दरवर्षी येत, पण नारळ घेऊन येत. आज हात मोकळे होते आणि टोपी डोक्यावर वाकडी बसली होती. आकाराम गुलालाने माखून पालखीला खांदा द्यायच्या बेतात होता.

"आकाराम, जरा बाजूला ये," ते म्हणाले. "शुक्रवारी दुपारी गोदीत जहाज फुटलं म्हणतात. दारूगोळ्याचं. मांडवी जळतेय. सांगलीहून दोन दिवस तार लागत नाही."

"कंच्या गोदीत?"

धन्यकुमार पायाकडे बघत राहिले. "विक्टोरिया म्हणतात."

हलगी जोरात चालली होती, त्यामुळे दुसऱ्या कोणी ऐकलं नाही. आकारामने पालखीला खांदा दिला, कारण चारचौघांत न देणं बरं दिसलं नसतं, आणि देवळाला पूर्ण फेरी मारली. त्या फेरीत त्याने भैरोबाला काय काय कबूल केलं ते त्याचं त्याला ठाऊक. मागचा गडी मात्र दोनदा म्हणाला की पावलं बरोबर टाका.

बातमी लपणार नव्हतीच. संध्याकाळच्या आत सगळ्या वाडीला कळलं. कोण म्हणे जपानने बाँब टाकले, कोण म्हणे सगळी मुंबई बुडाली. त्या दिवसांत आपल्या भागात भूमिगतांच्या शोधात गावोगाव पोलीस फिरत होते, त्यामुळे मोठ्याने विचारायचीही चोरी होती. लीलाबाई थोरल्या दिरासमोर कधी पदर ढळू देत नसे, बोलायची गोष्टच सोडा. ती त्या संध्याकाळी स्वतःच ज्वारीचं सूप घेऊन अंगणात आली आणि त्याच्यापुढे ठेवून बसली.

"भावजी, मांडून दावा. जहाज कुठं फुटलं आन् त्ये कुठं हायेत."

आकारामने दाणे घेतले. ससून मांडली, पालवा मांडलं. बेलार्ड पियरपाशी त्याचा हात थोडा थांबला. मग त्याने तिथेच तुरीचा एक दाणा ठेवला आणि म्हणाला, "फुटलं ते हितं, साहेबांच्या धक्क्याला. आपला ज्योतिबा ह्यो इकडं, विक्टोरियात. मधी आक्खी अलेक्झांडर गोदी हाय. आबानं घातलेली माती हाय, काय हालत न्हाई."

अठ्ठावीस वर्षांत त्याने धक्क्यांबद्दल फुशारकी मारली होती, पण खोटं कधी सांगितलं नव्हतं. लीलाबाईने ते दाणे उचलू दिले नाहीत. रात्री त्यांच्यावर पाटी पालथी घातली आणि सकाळी उठून पुन्हा उघडे केले. दिवसभर ती त्यांच्याजवळ बसून कोंबड्या हाकलायची, आणि साळूबाई तिला काही म्हणायची नाही. आकाराम अंगणातून जाताना दाण्यांकडे बघायचं टाळायचा, आणि तरी त्याचा डोळा तिथेच जायचा. रोज तो ताकारी ठेसनावर जाऊन मुंबईहून पळून आलेल्या माणसांना विचारी. चारशे बारा नंबर बघितला का? कुणी बघितला नव्हता. एकाचे केस जळलेले होते, त्याला प्रश्नच कळला नाही. घरी येऊन आकाराम सांगे, "समदी म्हनत्यात विक्टोरियाला काय झालं न्हाई," आणि भाकरीचा तुकडा पाण्याबरोबर गिळी.

पुढच्या शुक्रवारी टपालवाला आला. कार्ड त्याने आकारामच्याच हातात दिलं. आकाराम मराठी तिसरी शिकलेला, अक्षर लावून वाचायचा. त्यात टोळीवाल्याच्या कारकुनाने लिहिलं होतं, की आकाराम, बिल्ला नंबर चारशे बारा, व्हिक्टोरिया गोदीतल्या स्फोटात मयत झाला, घरच्यांस कळावे. प्रेत मिळाले नाही, बिल्ला मिळाला. आपल्या मरणाची बातमी उभ्याने वाचायची वेळ कुणावर येऊ नये. त्याने ती दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना मोठ्याने वाचली गेली.

साळूबाई मटकन खाली बसली. ती धाकट्या दिरासाठीच रडायला लागली, कारण नवरा समोर उभा होता. शेजारच्या बाया धावल्या. लीलाबाई मात्र उठली नाही. तिने दाण्यांवरून हात फिरवला आणि बेलार्ड पियरपाशी ठेवलेला तुरीचा दाणा उचलून बाजूला टाकला. दिराचं खोटं तिला कळलं होतं.

"कार्डावर नाव तुमचं हाय, भावजी," ती म्हणाली. "त्यांचं न्हाई. मी बांगडी फोडायची न्हाई आन् कुकूबी पुसायची न्हाई."

"मंग मी पुसू व्हय?" साळूबाई रडता रडता भडकली.

"त्ये तुमी दोघं बगा," लीलाबाई म्हणाली. जाऊबाईला असं उलट बोलायची तिची ही पहिलीच वेळ, आणि कुणी तिला दटावलं नाही.

त्यानंतर चार दिवस घरात जो पेच पडला तसा वाडीने कधी बघितला नव्हता. लोक भेटायला येत, पण कुणाचं सांत्वन करावं ते त्यांना कळत नसे. ज्याचं नाव मेलं तो पुढे होऊन घोंगडं अंथरी. ज्याचं माणूस गेलं म्हणावं ती कपाळभर कुंकू लावून अंगणात बसलेली. शेजारच्या रानात मेंढरं बसवलेला एक धनगर रडारड ऐकून बांधावर आला आणि विचारून गेला. कुणी तरी त्याला सांगितलं की आकारामच्या मरणाचं कार्ड आलंय. तो चुकचुकला आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं सोबत्यांवर सोपवून आपल्या मुलखाकडे निघून गेला. आकारामला त्या दिवसांत झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. माझ्या जागी धाडला, माझ्या यात्रेपायी धाडला, एवढंच तो साळूबाईला पुन्हा पुन्हा सांगे. तिला ते ऐकवत नसे आणि नाहीही म्हणवत नसे.

मंगळवारी दुपारी ऊन तापलेलं असताना ज्योतिबा बांधावरून चालत आला.

दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्याचाच सदरा, पण पायांवर चालत आला. लीलाबाईने त्याला आधी पाहिलं. ती दाण्यांजवळून उठली आणि तिच्याच पायाखाली सगळे धक्के विस्कटले. साळूबाईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आकाराम भावाच्या गळ्यात पडून असा रडला की बघणाऱ्यांनी माना फिरवल्या. ज्योतिबाने सांगितलं, की त्याला हिवताप भरला होता. स्फोट झाला तेव्हा तो गाववाल्यांच्या राहण्याच्या गाळ्यात पांघरूण घेऊन पडला होता. वरचे पत्रे उडाले, गल्ली पेटली. लोकांनी त्याला उचलून बाहेर काढलं, मग लोंढ्याबरोबर चालत तो कल्याणच्या पुढच्या छावणीत पोचला आणि शुद्ध येईपर्यंत तिथेच पडून राहिला. पत्र लिहायला कागदसुद्धा नव्हता.

वाडी लोटली. कुणी नारळ आणला, कुणी गूळ वाटला. धन्यकुमार आष्ट्याहून पेढे घेऊन आले, आणि यावेळी टोपी नीट होती. ज्याने त्याने आकारामची थट्टा केली, की आता शंभर वर्षं जगणार, सरकारी मरण येऊन गेलं. साळूबाईने चूल पेटवली आणि ते मेलं कार्ड आधी जाळते म्हणून फळीवरून काढलं.

आकाराम हसत होता. हसता हसता त्याने तिच्या हातातलं कार्ड बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"ज्योतिबा," त्याने विचारलं, "तू गाळ्यात पडला हुतास. मंग बिल्ला कुठं हुता?"

ज्योतिबाने गुळाचा खडा तोंडातून काढून हातात धरला.

"बिराप्पाला दिला हुता," तो म्हणाला. "तुमीच म्हनला हुता दादा, खुंटीला लागता कामा न्हाई. मला वाटलं त्यो बाहीर पडला आसंल."

बिराप्पा म्हणजे ढालगावकडचा धनगराचा पोर. वय बावीस. दरवर्षी यांच्याच रानात मेंढरं बसवायला येई. गेल्या साली दुष्काळाने मेंढरं गेली, तेव्हा आकारामनेच त्याला मुंबईला नेलं होतं. बिल्ला नव्हता म्हणून तो गाळ्यात भाकऱ्या थापायचा आणि कधी कुणाची बदली मिळते याची वाट बघायचा. वहीत त्याचं नाव कधीच चढलं नव्हतं. म्हणजे त्याच्या घरी कार्ड जाणार नव्हतं, आजही नाही आणि वर्षानेही नाही.

"आजचा दिस ऱ्हावू द्या," साळूबाई हळूच म्हणाली. "उद्या पत्र टाका."

"पत्र आलंय की," आकाराम म्हणाला आणि तिच्या हातातून कार्ड घेतलं. "माज्या नावाचं हाय. मलाच न्यायला पायजे."

बुधवारी सकाळी तो निघाला. सांगलीपर्यंत मोटार, मिरजेपर्यंत टांगा, मिरजेहून पुढे छोटी आगगाडी. सबंध वाटभर तो सांगायचं कसं याची जुळणी करत होता. आधी पाणी मागायचं. मग बसायचं. मग म्हणायचं, की आक्का, मुंबईला मोठा आगडोंब झाला. इथपर्यंत जमायचं, आणि पुढचं वाक्य येईना. ढालगावला उतरून दोन कोस माळ तुडवला. वस्ती जवळ येईल तसं त्याला वाटे, की वस्ती आणखी लांब असती तर बरं झालं असतं. परत फिरावं असंही एकदा मनात आलं. बाभळीखाली तो बराच वेळ उभा राहिला आणि मग आपल्यालाच शिव्या देऊन चालू लागला.

बिराप्पाची आई सुलाबाई खोपटापुढे लोकर कातत बसली होती. वाळलेली, उंच, नजर धारदार. तिने हातातली चाती थांबवली.

"कोन पावनं?"

"आष्ट्याकडचा," तो म्हणाला. त्याची जुळणी सगळी कोलमडली. "आकाराम."

तिच्या हातातली चाती खाली पडली. ती उठली, त्याच्यापर्यंत आली आणि त्याचा दंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती हसतेय की रडतेय ते आकारामला कळेना.

"तुमी जित्तं हायसा," ती म्हणाली. "बिरोबा पावला. आवं, परवा आमचा एक भाऊबंद तुमच्याकडनं आला. म्हनला, त्यो वाडीतला आकाराम गोदीत मेला, कार्ड आलंय. माजा जीव गेला की. आमच्या बिराप्पानं सांगावा धाडला हुता, 'अव्वा, मला कवातरी आकारामच्या नावावर काम गावतंय. फाटकावर मला आकाराम म्हनूनच हाक मारत्यात.' मला वाटलं, त्यो आकाराम म्हंजी माजाच ल्योक. दोन दिस चूल पेटविली न्हाई बगा. आन् तुमी तर ह्ये उभं. म्हंजी ती बातमीच खोटी."

खिशातलं कार्ड आकारामच्या छातीला लागत होतं. तिने घोंगडं अंथरलं, त्याला हाताला धरून बसवलं, तांब्याभर दूध आणलं. दोन दिवसांचं साठलेलं सगळं ती एकदम बोलत होती. दिवाळीला पोराचं लगीन करायचं होतं, मुलगी जतकडची पाहिली होती. आकाराम दूध हातात धरून बसला. ते पिणं त्याला जमेना आणि खाली ठेवणंही जमेना.

मग ती आत गेली आणि मूठभर बाजरी घेऊन आली.

"बिराप्पा म्हनत हुता, तुमी दान्यांनी समदी मुंबई मांडून दावता. मी काय मिरजेच्या पुढं गेली न्हाई. दावा की मला, माजा पोरगा कुठं उभा ऱ्हातुया."

तिने बाजरी त्याच्या तळहातावर ओतली आणि समोर येऊन बसली. आकारामने हाताने माती सारखी केली. ससून मांडली. पालवा मांडलं. बेलार्ड पियर. एरवी प्रत्येक धक्क्याला त्याच्याकडे एक गोष्ट असे. आज तो नुसती नावं घेत होता आणि ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. अलेक्झांडर मांडून झाली. आबाच्या मातीचं तो काही बोलला नाही. मग त्याने हात पुढे नेला, चार बोटं जागा रिकामी सोडली आणि तिच्यापलीकडे प्रिन्स मांडली. भाऊचा धक्का मांडला. मुठीत थोडी बाजरी उरली होती, ती त्याने तशीच धरून ठेवली.

सुलाबाईने सगळ्या ओळीवरून नजर फिरवली. मग ती त्या रिकाम्या जागेपाशी थांबली आणि तिथून तिने त्याच्याकडे बघितलं.

"हितं काय ऱ्हायलं?" तिने विचारलं.

"हितं बिराप्पा हुता, आक्का," आकाराम म्हणाला. "माज्या जागी."